दाटीतल्या गावाला श्वास देऊ पाहणारा माणूस

वनस्पतिशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस (१८५४-१९३२) यांच्या जीवनाचा वेध

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले बाळापूर हे वऱ्हाडातील जुन्या, दाट वस्तीच्या गावांपैकी एक. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केलेला आणि एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबाने १७५७ मध्ये पूर्ण केलेला किल्ला, मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आणि या दोहोंच्या आसऱ्याने वाढलेली जुनी वस्ती ही गावाची ओळख. याच तालुक्यात पारसचे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथील २५० मेगावॅटचे दोन संच २००८ आणि २०१० मध्ये सुरू झाले. राष्ट्रीय महामार्गावरील अवजड वाहतूकही गावाला नवी नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा हवेच्या गुणवत्तेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत अकोला आणि अमरावती ही वऱ्हाडातील दोन्ही प्रमुख शहरे होती.

हवा बिघडली आणि उन्हाळा असह्य झाला की ज्याला परवडते तो खिडक्या बंद करून यंत्राने थंड केलेल्या खोलीत बसतो, आणि नगरपालिका रस्ता रुंद करण्याचा ठराव करते. सुखाने राहणे म्हणजे एवढेच का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतातील गल्लीबोळांतून पायी फिरून विचारला होता. वऱ्हाड त्या काळी मध्य प्रांताला जोडलेले होते आणि कारभार नागपुरातून चाले. त्या नागपूरसाठीही या गृहस्थाने नगररचनेचा अहवाल लिहिला. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस.

बागेत वाढलेला मुलगा

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पर्थ शहराजवळच्या टेकडीवरील घरात, वडिलांच्या बागेत त्यांचे बालपण गेले. बियाणे पेरणे, रोपे जगवणे आणि टेकडीवरून खालच्या शहराकडे पाहणे हे त्यांचे पहिले शिक्षण. पुढे लंडनला जाऊन त्यांनी प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली अभ्यास केला.

१८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले. तेथे डोळ्यांच्या विकाराने त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि अनेक दिवस अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावर आयुष्य काढू पाहणाऱ्या तरुणावरचा हा मोठाच आघात होता. दृष्टी परतली, पण सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्वीसारखे करता येईना. त्या अंधारात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी चाचपडताना वेगवेगळ्या विषयांचे परस्परसंबंध चौकटींत मांडण्याची रीत त्यांना सुचली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. वनस्पतीचा अभ्यास करणारी नजर हळूहळू माणसाच्या वस्तीकडे वळली. झाड जसे माती, पाणी आणि हवा यांच्यावाचून समजत नाही, तसे माणसाचे घर त्याच्या गल्लीवाचून आणि गाव त्याच्या परिसरावाचून समजत नाही, हे सूत्र त्यांनी आयुष्यभर सोडले नाही.

श्रीमंत बाहेर पडले, हे आत गेले

त्या काळचे एडिंबरा हे दोन शहरांचे शहर होते. टेकडीवरच्या जुन्या भागात उंच, अरुंद आणि कोंदट इमारतींत गरीब कुटुंबे दाटीने राहत. चुलींच्या धुराने हा भाग इतका काळवंडलेला असे की शहराचे टोपणनावच धुरावरून पडले होते. ज्यांच्याकडे पैसा होता ते केव्हाच तेथून निघून रुंद रस्त्यांच्या, बागांच्या नव्या वस्तीत राहायला गेले होते. हवा बिघडली तर जागा बदलायची, ही सुखवस्तू माणसाची रीत तेव्हाही हीच होती.

गेडिस यांनी १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह केला आणि दुसऱ्याच वर्षी हे दाम्पत्य जुन्या वस्तीतील जेम्स कोर्ट या जीर्ण इमारतीत राहायला गेले. प्राध्यापकी करणाऱ्या कुटुंबाने चांगली वस्ती सोडून तेथे बिऱ्हाड करणे हे अनेकांना वेडेपणाचे वाटले. या दोघांनी शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंतींना चुना लावला, चौकातील कचरा काढला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. पडझड झालेले तेवढे काढून जिथे हातभर जागा मोकळी झाली तिथे त्यांनी बाग केली. १८८७ मध्येच विद्यार्थ्यांनी स्वतः चालवायचे वसतिगृह तेथे सुरू झाले. पुढे १८९२ मध्ये त्यांनी आउटलुक टॉवर ही संस्था उभी केली. मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावरून नागरिकाने आधी आपले शहर नीट पाहावे आणि मग एकेक मजला उतरत देशाचा व जगाचा विचार करावा, अशी तिची रचना होती.

या उद्योगात पैसा सतत कमी पडे. कर्जाचा बोजा इतका वाढला की १८९६ मध्ये मित्रांनी कंपनी काढून मालमत्तांची व्यवस्था हाती घेतली. उपजीविकेचा आधार होता तो डंडी येथील विद्यापीठ महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकपदाचा. १८८८ पासून १९१९ पर्यंत ते त्या पदावर होते. वर्षातील एकाच सत्रात शिकवायचे असल्याने उरलेला वेळ शहरांसाठी मिळे.

बुडालेले प्रदर्शन

शहरांच्या इतिहासाचे नकाशे, चित्रे आणि आराखडे यांचे एक फिरते प्रदर्शन गेडिस यांनी तयार केले होते. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते १९१४ मध्ये भारतात आले. प्रदर्शनाचे सामान मागून क्लॅन ग्रँट या जहाजाने येत होते. पहिले महायुद्ध सुरू झाले होते. ऑक्टोबर १९१४ मध्ये एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले आणि वीस-पंचवीस वर्षांची जमवाजमव समुद्राच्या तळाशी गेली. गेडिस खचले नाहीत. मायदेशातील मित्रांनी नवे साहित्य गोळा करून पाठवले आणि १९१५ च्या प्रारंभी मद्रासमध्ये प्रदर्शन भरलेही.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी भारतात अक्षरशः पायी काढली. मद्रास आणि मुंबई इलाख्यांतील गावे, ठाणे, बडोदा, नागपूर, लखनौ, लाहोर, इंदूर अशा अनेक ठिकाणांसाठी त्यांनी अहवाल लिहिले. याच काळात, १९१७ मध्ये त्यांच्यावर दुहेरी घाला पडला. थोरला मुलगा ॲलस्डेअर एप्रिल महिन्यात फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला. ॲना त्या वेळी भारतात आजारी होत्या. त्यांना हे वृत्त सांगण्याचे धैर्य गेडिस यांना झाले नाही. मुलाची आधीची पत्रेच ते त्यांना वाचून दाखवत राहिले. काही आठवड्यांतच ॲनाही गेल्या. या दुःखानंतरही कामात खंड पडला नाही.

कुऱ्हाडीऐवजी नस्तर

गेडिस भारतात आले तेव्हा येथील शहरांवर प्लेगची दहशत होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कोंदट वस्त्यांत समुद्रावरची हवा खेळावी म्हणून पश्चिम किनाऱ्याकडून आत रुंद रस्ते काढायचे, त्यासाठी आड येणारी घरे पाडायची, असे ट्रस्टचे धोरण होते. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्याच विचारातून झाले. शुद्ध हवेसाठी रुंद रस्ता हे समीकरण तेव्हा जवळपास सर्वमान्य होते आणि इतर नगरपालिका त्याचेच अनुकरण करीत.

गेडिस यांनी या समीकरणालाच हरकत घेतली. त्यांचा हिशेब साधा होता. शंभर घरे पाडली की त्यातील माणसे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या गल्लीत जाऊन राहतात. तेथे आधीच एका खोलीत चार माणसे असतील तर आता सहा होतात. नकाशावर एक रस्ता मोकळा दिसतो आणि प्रत्यक्षात दोन मोहल्ले पूर्वीपेक्षा कोंदट होतात. शिवाय उष्ण, कोरड्या मुलखात उघडा रुंद रस्ता म्हणजे ऊन आणि धूळ. जुनी अरुंद गल्ली भिंतींच्या सावलीत दिवसभर थंड राहते आणि घरातील हवा आतल्या अंगणातून खेळते. गल्ली अरुंद आहे एवढ्यावरून ती रोगट ठरत नाही. ती अस्वच्छ असेल तर स्वच्छ करावी; तुंबलेली असेल तर जिथे तुंबली आहे तेवढेच मोकळे करावे.

या पद्धतीसाठी त्यांनी शस्त्रक्रियेची उपमा वापरली. सरसकट कुऱ्हाड चालवण्याऐवजी शल्यचिकित्सक जसा नेमके नस्तर लावतो, तसे त्यांचे काम चाले. हातात नकाशा घेऊन ते प्रत्येक गल्ली पायी फिरत. कुठले घर पडीक आहे, कुठे विहीर आहे, कुठल्या पाराखाली माणसे बसतात, देऊळ किंवा दर्गा कुठे आहे, याच्या नोंदी करीत. मग एक पडके घर काढून तिथे छोटा चौक करायचा, दोन कोपरे थोडे मागे घ्यायचे, विहिरीभोवती फरसबंदी करायची आणि मोकळ्या झालेल्या तुकड्यात सावलीचे झाड लावायचे, असे त्यांचे प्रस्ताव असत. अशा लहान मोकळ्या जागांची साखळी गल्लीतून गल्लीत जोडली की सारी वस्ती श्वास घेऊ लागते आणि फारच थोड्या कुटुंबांना जागा सोडावी लागते. खर्चही सरळ रस्ता काढण्याच्या तुलनेत कितीतरी कमी येतो, हे ते आकडेमोडीसह दाखवीत.

तलावांबाबतही त्यांचे मत प्रवाहाविरुद्ध होते. हिवतापाच्या भीतीने गावातले तलाव बुजवण्याची तेव्हा घाई चालली होती. गेडिस म्हणत की तलाव भोवतालची हवा थंड ठेवतो आणि पावसाचे जादा पाणी पोटात घेतो. डास होत असतील तर त्यात मासे सोडा, बदके पाळा. ती अळ्या खातील. घरातील तुळशीकडेही ते याच नजरेने पाहत. जिथे वृंदावन निगुतीने राखले आहे ते घर स्वच्छ असते, म्हणजे या देशातील गृहिणीकडे स्वच्छतेची परंपरा आहेच. बाहेरून ती शिकवण्याऐवजी तिला हात द्यावा, असे त्यांचे मत होते.

इंदूरची दिवाळी

हा विचार लोकांपर्यंत नेण्याचा त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग झाला तो तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या इंदूर संस्थानात. शहर प्लेग आणि हिवतापाने गांजलेले होते. नगररचनेचा साहेब आला म्हणजे आपली घरे पाडणार, या धास्तीने लोक गेडिस यांच्याकडे संशयाने पाहत. त्यांनी महाराजांकडे एका दिवसाचा अधिकार मागितला आणि दिवाळीची मिरवणूक स्वतः योजली.

मिरवणुकीचा मार्ग ठरलेला नव्हता. ज्या रस्त्यावर सर्वाधिक घरे झाडूनपुसून दुरुस्त झालेली दिसतील, तेथूनच मिरवणूक जाणार, अशी दवंडी पिटली गेली. बघता बघता शहरभर सफाईची चढाओढ लागली. घराघरांतून वर्षानुवर्षांचा कचरा निघाला, भिंती रंगल्या. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, तसे घाणीच्या राक्षसाचे आणि प्लेगच्या उंदराचे प्रचंड पुतळेही होते. सफाई कामगार नव्या, पांढऱ्या पोशाखात, गळ्यात हार घालून चालत होते. शेवटी पुतळ्यांचे दहन झाले आणि तुळशीची रोपे वाटण्यात आली. त्या वर्षी प्लेगचा जोरही ओसरला. ते श्रेय केवळ मिरवणुकीचे नसले, तरी लोकांच्या मनातील भीती मात्र तिनेच घालवली. इंदूरचा त्यांचा द्विखंडी अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रसंगाला दुसरीही बाजू आहे. हार एका दिवसाचे होते. दुसऱ्या दिवशी तीच माणसे तेच काम त्याच जातीच्या उतरंडीत करू लागली. ही उतरंड मोडण्याचा कार्यक्रम गेडिस यांच्या अहवालांत नाही. त्या दृष्टीने वऱ्हाडच्या मातीने दिलेले उदाहरण अधिक पुढचे आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा याच सुमारास गावोगाव फिरत होते. त्यांनी खराटा स्वतःच्या हाती घेतला, दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून अस्पृश्यतेवर प्रहार केले. दोघांची भेट झाल्याची नोंद नाही. मात्र गाव स्वच्छ व्हायचे तर ते गावकऱ्यांनीच करायला हवे, या एका मुद्द्यावर परदेशी प्राध्यापक आणि वऱ्हाडी संत एकत्र येतात.

मुंबईतील प्राध्यापक

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. पुढील अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२४ मध्ये त्याच विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. भारतीय समाजशास्त्राची पहिली पिढी घुर्ये यांनी घडवली. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही गेडिस यांनी याच काळात, १९२० मध्ये लिहिले. मुंबईतील गिरणगावच्या चाळी पाहून ते अस्वस्थ होत. एका खोलीत एक कुटुंब, अशा ओळीने रचलेल्या इमारतींना ते घरे मानायला तयार नव्हते. गोदामात माल ठेवावा तशी त्यांत माणसे ठेवली आहेत, असे त्यांना वाटे.

शिक्षक म्हणून ते सोपे नव्हते. बोलणे वेगवान, विषयांची उडी लांब आणि लिखाण गुंतागुंतीचे. अनेक अहवाल नगरपालिकांच्या कपाटात पडून राहिले. एका ओळीत सांगता येणारा रस्तारुंदीचा ठराव अभियंत्यांना आणि कंत्राटदारांना सोयीचा होता. गल्लोगल्ली फिरून दोन-दोन फुटांचे निर्णय घेणे कोणालाच नको होते. ही अडचण गेडिस यांच्या हयातीत सुटली नाही आणि नंतरही सुटलेली नाही.

कोळशाचे युग आणि पुढचे

१९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ या ग्रंथात गेडिस यांनी औद्योगिक युगाचे दोन भाग पाडले. पहिला भाग कोळसा, धूर आणि झोपडपट्टी यांचा. जमिनीतून मिळेल ते उपसायचे, जाळायचे आणि त्यातून आलेल्या पैशाला संपत्ती म्हणायचे, ही त्याची रीत. दुसरा भाग स्वच्छ ऊर्जा, बागा आणि चांगली घरे यांचा. तो यायचा आहे, आणि तो आपोआप येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. वनस्पतिशास्त्रज्ञ असल्याने त्यांच्या लेखी खरे भांडवल म्हणजे हिरवे पान. सारी जीवसृष्टी पानावर जगते, नाण्यांवर नव्हे, हे ते विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगत. शहरे वाढत वाढत एकमेकांत मिसळतील हेही त्यांनी ओळखले होते. अशा सलग महानगरासाठी ‘कॉनर्बेशन’ हा शब्द त्यांनीच रूढ केला.

आज ही मांडणी वाचताना पारसची चिमणी आणि अकोल्याची धूळ आठवल्याशिवाय राहत नाही. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार हवेतील दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. या धूलिकणांत वीज केंद्रांच्या आणि वाहनांच्या धुराइतकाच उघड्या रस्त्यांवरच्या मातीचाही वाटा असतो. झाडे तोडून रुंद केलेला रस्ता वाहतुकीने सतत उडवत राहतो ती हीच माती. वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता शोषून गल्लीत सोडते. म्हणजे एका घराचा गारवा शेजारच्या घराच्या उकाड्यात जमा होतो, आणि त्यासाठी लागणारी वीज कुठल्या तरी पारसमध्ये कोळसा जाळून येते. ज्याच्याकडे यंत्र नाही, त्याच्या वाट्याला उष्णता आणि धूर दोन्ही येतात.

वऱ्हाडातील जुन्या घरांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. जाड मातीच्या भिंती, धाब्याचे छत, मधले अंगण, दारातला कडुनिंब, आडाचे पाणी आणि उन्हाळ्यात खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताट्या. सारेच जुने परत आणता येणार नाही आणि त्यातले सारे चांगलेही नव्हते. चुलीच्या धुराने बायकांचे डोळे आणि छाती जाळली, हेही तितकेच खरे. मात्र अंगण बुजवून खोली काढण्यापूर्वी, आड कचऱ्याने भरण्यापूर्वी आणि पाराचे झाड तोडण्यापूर्वी त्यातून कोणाची हवा जाणार आहे हे मोजावे, इतके गेडिस यांच्याकडून घेण्यासारखे आहे. बाळापूरसारख्या गावात एखाद्या पडीक वाड्याची जागा, नदीकाठची पट्टी किंवा शाळेमागचा कोपरा अशा हातभर मोकळ्या जागांपासून ही सुरुवात होऊ शकते. त्यासाठी मोठ्या निधीपेक्षा प्रत्येक गल्ली फिरून पाहणाऱ्या माणसांची गरज अधिक आहे.

अखेरची वर्षे

प्रकृती ढासळल्याने गेडिस यांनी १९२४ मध्ये मुंबई सोडली आणि फ्रान्सच्या दक्षिणेस माँपेलिए येथे विद्यार्थ्यांसाठी निवासी महाविद्यालय उभारले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा दिला. लहान चौकांभोवती घरे आणि घरांमध्ये बागा, ही त्यांची कल्पना तेथे बऱ्याच अंशी प्रत्यक्षात आली. अमेरिकन विचारवंत लुईस ममफर्ड यांनी त्यांना गुरू मानले. भारतातील अहवालांचे निवडक संकलन जॅकलिन टिरव्हिट यांनी १९४७ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी प्रसिद्ध केले.

१९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर ही पदवी दिली. पुढे काही आठवड्यांतच, १७ एप्रिल १९३२ रोजी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांतही महाविद्यालयाच्या खडकाळ आवारात बाग फुलवण्यात ते गढलेले होते.